चिमणी १२०० ची, मग फोडणीचा वास बेडरूममध्ये कसा?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडायला विषय लागतोच. एरवी पार्किंग असतं, नाहीतर कबुतरांना दाणे कोण टाकतं ते असतं, गेल्या रविवारी मात्र चिमणी निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नवी कोरी चिमणी बसवली आणि चौथ्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये सुक्या बोंबलाचा घमघमाट सुटला. त्यांनी बाथरूमच्या खिडकीचा फोटो टाकला (वासाचा फोटो कसा येणार, पण टाकला), त्यावर काकू म्हणाल्या अहो तुमच्याकडे येतो तसा माझ्याकडेही येतोच की, बेडरूमच्या चादरींना वास लागलाय, चांगली १२०० सक्शनवाली घेतली, पैसे काय झाडाला लागतात का. मग कोणीतरी मला टॅग केलं, कारण मी रबाळे एमआयडीसीत कारखान्यांमधला धूर-धूळ बाहेर काढायच्या पंख्यांचं काम करतो आणि हे एव्हाना निम्म्या नेरूळला माहीत झालंय.

गेलो काकूंकडे. दोन कप चहा आणि तासभर खटपट केल्यावर कळलं की चिमणीत काहीच बिघाड नाहीये. मोटर ठणठणीत, बटणं चालतायत, लाइट लागतोय. चुकलं होतं ते चिमणीच्या पुढचं आणि मागचं, म्हणजे हवा आत येते ती वाट आणि बाहेर जाते ती वाट. दुकानात आपण तासभर सक्शनच्या आकड्यावर घासाघीस करतो आणि या दोन वाटांबद्दल एक प्रश्न विचारत नाही. म्हणून हे लिहितोय.

नावातच गोंधळ आहे

मराठीत चिमणी म्हणजे एक ती चिवचिव करणारी, एक रॉकेलची, आणि एक गिरणीची किंवा वीटभट्टीची. वीटभट्टीच्या चिमणीत पंखा नसला तरी चालतं. गरम हवा हलकी असते, ती आपोआप वर जाते, आणि चिमणी जितकी उंच तितकी ओढ जास्त. आपल्या किचनमधली चिमणी तशी नाहीये. तो एक उपडा डबा आहे, त्यात पंखा आहे, पंख्याच्या अलीकडे तेल अडवायला फिल्टर आणि पलीकडे भिंतीबाहेर जाणारा पाइप. संपलं. त्यामुळे 'चिमणी आहे ना, धूर जाईल आपोआप' असं नसतं. धुराला आधी त्या डब्याखाली यावं लागतं, मग पंख्याने त्याला ढकलावं लागतं, आणि पंखा ढकलतोय तिकडे रस्ता मोकळा असावा लागतो.

फोडणीतून वर जातं तरी काय?

तेल तापलं, मोहरी तडतडली, त्यात ओली मिरची टाकली की सगळं घर ठसकतं, हे आपल्याला माहितीये. त्या ठसक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या समजून घेतल्या तर पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली गोष्ट म्हणजे तेलाचे बारीक थेंब. हेच नंतर कपाटाच्या वर, पंख्याच्या पात्यांवर, देवघराच्या फोटोच्या काचेवर पिवळट चिकट होऊन बसतात. दुसरी गोष्ट, त्याहून कितीतरी बारीक कण, जे दिसत नाहीत. बातम्यांमध्ये पीएम २.५ म्हणतात ते हेच, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या भागाएवढे. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ असावी असं सांगितलंय. बंद किचनमध्ये एक घाणा पुऱ्या तळल्या तर काही मिनिटांत हवा याच्या कितीतरी वर जाते, फक्त आपण तिथे मीटर लावत नाही म्हणून कळत नाही. तिसरी गोष्ट वायू आणि वाफ. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड, थोडा कार्बन मोनॉक्साइड, भरपूर पाण्याची वाफ, आणि तेल धुरावेपर्यंत तापवलं तर अक्रोलिन नावाचा वायू, डोळे चुरचुरतात ते बरंचसं त्याच्यामुळे.

हे घाबरवायला लिहीत नाहीये. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० च्या अहवालात खूप तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलाय. वर्षानुवर्षं रोज त्या धुरात उभं राहणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे, दिवाळीत एकदा चकल्या तळणाऱ्याचा नाही. आणि आपल्या घरांमध्ये रोज उभं राहणारं माणूस कोण असतं ते मी सांगायला नको.

१२०० म्हणजे नक्की किती?

सक्शन १२०० म्हणजे तासाला १२०० घनमीटर हवा. आता काकूंचं किचन बघू. ८ बाय १०, वर साडेनऊ फूट उंची, म्हणजे ७६० घनफूट, साधारण साडेएकवीस घनमीटर. १२०० भागिले २१.५ केलं की येतात जवळजवळ ५६. म्हणजे चिमणी कागदावर म्हणते तशी चालली तर तासाभरात किचनमधली सगळी हवा ५६ वेळा बाहेर टाकेल, जवळपास दर मिनिटाला एक किचनभर हवा.

आता विचार करा, दर मिनिटाला एक किचनभर हवा बाहेर गेली तर तेवढीच आत कुठून येणार? काकूंच्या किचनची खिडकी स्लायडिंगची, घट्ट बंद, कारण खाली रस्त्याची धूळ. हॉलची खिडकी बंद, कारण एसी. दरवाजा बंद, कारण दरवाजा बंदच असतो. मग हवा येणार कुठून?

ज्यूसचा छोटा खोका स्ट्रॉने जोरात ओढून बघा. पहिले दोन घोट येतात, मग खोका चेपतो आणि कितीही जोर लावला तरी काही येत नाही. स्ट्रॉ सोडली की 'फुस्स' करून हवा आत जाते आणि पुन्हा ज्यूस येतो. आपला फ्लॅट तो खोका आहे, भिंती चेपत नाहीत एवढंच. जेवढी हवा आत येईल तेवढीच बाहेर जाईल. पुढचं सगळं विसरलात तरी चालेल, हे एक वाक्य फ्रिजवर चिकटवा.

काकूंकडे मी काय केलं, देवघरातली एक अगरबत्ती पेटवून घेतली आणि पुढच्या बर्नरच्या कडेला धरली. चिमणी फुल स्पीडवर, सगळं बंद. धुराची रेघ सरळ वर गेली, डब्याच्या कडेपाशी थोडी घुटमळली आणि निवांत वळून डायनिंग टेबलकडे निघाली. मग काकूंना म्हटलं हॉलची खिडकी चार बोटं उघडा. त्या गेल्या, खिडकी सरकवल्याचा आवाज आला, आणि माझ्या समोर ती रेघ कोणीतरी दोरा ओढावा तशी तिरकी होऊन फिल्टरमध्ये शिरली. काकू परत आल्या आणि म्हणाल्या, 'म्हणजे दोन महिने मी नुसता आवाज ऐकत होते होय!'

खिडकी उघडल्यावर बराच फरक पडला. पूर्ण नाही, कारण पाइपचं प्रकरण बाकी होतं, ते पुढे येतं.

'खिडकी उघडायची तर चिमणी कशाला?'

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बरोबरच विचारतो. खिडकीतून वारा कधी बाहेर जातो, कधी आत येतो, ते त्याच्या मर्जीवर. खाडीकडून वारा सुटला की किचनच्या खिडकीतून तो आतच घुसतो आणि तुमचा धूर थेट हॉलमध्ये नेऊन सोडतो. चिमणी असली की दिशा ठरते, हवा खिडकीतून आत आणि चिमणीतून बाहेर.

फक्त कुठली खिडकी उघडायची ते बघा. गॅसला लागून असलेली खिडकी सताड उघडली तर तिचा झोत धुराला चिमणीखालून हुसकावून लावतो, वर ज्योतही फडफडते. त्यापेक्षा लांबची, हॉलची किंवा ड्राय बाल्कनीची, चार-सहा इंच उघडा, म्हणजे हवा घरातून फिरत तुमच्या पाठीमागून गॅसकडे हळू येते. किचनमध्ये सीलिंग फॅन असेल तर स्वयंपाकाच्या वेळी बंद. उकडतं, मान्य आहे, पण तो फॅन धूर घरभर वाटायचं काम करतो.

आणि जुना एक्झॉस्ट फॅन चिमणीपासून हातभर अंतरावर तसाच ठेवलेला असतो बऱ्याच घरांत. तो बंद असला तरी त्याचं भोक उघडं असतं. चिमणीचा पाइप बाहेर जिथे निघतो तिथेच शेजारी हे भोक असेल तर बाहेर टाकलेला धूर तिथून परत आत येतो. एक्झॉस्टला झडप लावा किंवा बुजवून टाका.

हवेला वाट दिली नाही तर ती स्वतः शोधते

आणि ती वाट आपल्याला आवडेल अशी नसते. मी हे स्वतःच्या घरात शिकलो. मागच्या वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसात-आठला गटाराचा वास यायचा. प्लंबरला दोनदा बोलावलं, दोनदा पैसे दिले, त्याने नहाणी ट्रॅप (जाळीखालचा भाग, ज्यात साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं) साफ केला, फिनेल ओता म्हणाला. वास तसाच. एक दिवस बायको म्हणाली, तू चिमणी लावलीस की येतो बघ. आणि मी, पंधरा वर्षं हवेचंच काम करणारा माणूस, गपगुमान खाली बसलो. पाऊस म्हणून सगळ्या खिडक्या बंद, चिमणी हवा ओढतेय, आणि गेस्ट बाथरूम वापरात नाही म्हणून तिथल्या ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं. गटाराची हवा सरळ तिथून वर. ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओतलं, खिडकी थोडी उघडली, वास गेला. प्लंबरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

वास निदान कळतो तरी. ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे त्यांनी हा भाग नीट वाचा. गॅस गिझरचा जळका वायू नळीतून किंवा बाथरूमच्या झडपेतून बाहेर जायला हवा. घर बंद असताना चिमणी फुल स्पीडवर असेल तर ती त्याच वाटेने बाहेरची हवा उलटी आत खेचू शकते, आणि तो वायू बाथरूममध्येच राहतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग शुद्ध जाते. आपल्याकडे सकाळची वेळ बघा, एकीकडे मुलाची आंघोळ, दुसरीकडे त्याच्याच डब्याची भाजी फोडणीला, हिवाळा म्हणून सगळं बंद. म्हणजे दोन्ही यंत्रं नेमकी एकाच वेळी. तेव्हा गॅस गिझर असेल तर चिमणी लावताना खिडकी उघडी असलीच पाहिजे, बाथरूमची झडप कधीही बुजवायची नाही, आणि शक्य असेल तर गिझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत घ्या. आंघोळ करताना कोणाला गरगरलं तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत काढा, ॲसिडिटीची गोळी शोधत बसू नका.

पाइप, जिथे फिटर हात आखडता घेतो

आता काकूंच्या पाइपकडे. चिमणीच्या डोक्यावर तोंड होतं ६ इंचाचं. भिंतीत आधीच्या एक्झॉस्टच्या पाइपचं ४ इंची भोक होतं. फिटर आला, मोठं भोक पाडायला कोअर कटिंगवाला बोलवावा लागेल म्हणाला, त्याऐवजी रिड्यूसर (मोठ्या तोंडाला लहान पाइप जोडणारा तुकडा) लावून देतो, 'हवा काय, जातेच'. जाते, पण कशी ते बघा. ६ वरून ४ म्हणजे आपल्याला वाटतं एक तृतीयांश कमी झालं. तोंडाचं क्षेत्रफळ मात्र निम्म्याहून कमी होतं, २८ चौरस इंचाचं साडेबारा. आणि तेवढीच हवा ४ इंची पाइपमधून ढकलायची तर घर्षण साधारण साडेसात पट होतं. पंख्यात तेवढी ताकद नसते, मग तो हवा कमी ढकलतो आणि आवाज जास्त करतो. सायन-पनवेल हायवेच्या तीन लेन अचानक एका लेनवर आल्या तर गाड्या कमी जातात आणि हॉर्न जास्त वाजतात, तसंच.

शिवाय वळणं. काटकोनात वळलेला प्रत्येक कोपरा म्हणजे सरळ पाइपच्या कित्येक फुटांएवढा अडथळा. काकूंच्या पाइपला फॉल्स सीलिंगमध्ये तीन कोपरे होते, चिमणी फर्निचरवाल्याच्या डिझाइनमध्ये बसावी म्हणून. आणि ती चंदेरी घडीची नळी, जी ॲकॉर्डियनसारखी ताणता येते, ती अर्धी न ताणताच वर कोंबलेली. आतल्या प्रत्येक घडीला हवा अडते आणि तेल साठतं. नळी पूर्ण ताणून, जास्तीची कापून, कमीत कमी वळणांनी न्यायची. जमलं तर गुळगुळीत पत्र्याचा पाइप घ्या. प्लास्टिकचा पाइप लोक लावतात, गुळगुळीत असतो हे खरं, पण उष्णतेने नरम पडतो आणि आग लागलीच तर तो स्वतः जळतो, म्हणून मी तरी लावत नाही.

छापील १२०० हा आकडा सहसा पाइप न जोडता, हवेला काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. काकूंच्या पाइपमधून त्यातला किती उरत असेल ते तुम्हीच ओळखा. १५०० ची चिमणी घेऊन ती ४ इंचात कोंबण्यापेक्षा १००० ची घेऊन सरळ, आखूड, ६ इंची पाइप लावला तर काम जास्त होतं. दुकानदार हे सांगणार नाही.

पाइपचं तोंड कुठे निघतं हाही मुद्दा आहे. चौथ्या मजल्याचं भांडण त्यावरूनच. इमारतीच्या आतला डक्ट, जिथून पाण्याचे आणि संडासचे पाइप जातात, तो वर उघडा असला तरी तिथे वारा नसतो. तिथे सोडलेला धूर रेंगाळतो आणि वरच्यांच्या बाथरूमच्या खिडकीतून आत शिरतो, आणि वर्षभरात डक्टमधले सगळे पाइप चिकट होतात. माझ्या मते हे सरळसरळ चूक आहे, चौथ्या मजल्यावरच्यांची तक्रार रास्त होती. पाइप बाहेरच्या भिंतीतूनच न्या. त्यासाठी सोसायटीची परवानगी घ्या, आणि भोक पाडताना बीम-कॉलमला हात लावायचा नाही, हे कितीही घाई असली तरी.

बाहेरच्या तोंडाला झडपेचं कव्हर हवं, पंखा चालू झाला की उघडेल आणि बंद झाला की पडेल असं. नाहीतर कबुतरं येतात. आमच्या विंगमधल्या एका घरात चिमणी अचानक ओढेनाशी झाली, म्हणजे आवाज येतोय पण ओढ नाही. बाहेरून पाइप काढला तर आत काड्या, तारेचे तुकडे, झाडूच्या हिरांची अख्खी घरटी आणि दोन अंडी. चिमणीत कबूतर, असा पीजे तेव्हा सगळ्यांनी मारून घेतला. अंडी उबून पिल्लं उडेपर्यंत त्या घरात महिनाभर चिमणी बंद होती, त्याला नाइलाज. पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार पण द्या, आपला पाऊस आडवा येतो, पाणी मोटरपर्यंत यायला नको.

फिल्टर: कोण काय अडवतं

जाळीचा फिल्टर म्हणजे चहाच्या गाळणीचे चार थर. तेल छान अडवतो आणि लवकर तुंबतो, आपल्या स्वयंपाकाला त्रासदायक. बॅफल म्हणजे स्टीलच्या नागमोडी पट्ट्या. हवा हलकी, ती पटकन वळते. तेलाचा थेंब जड, त्याला वळता येत नाही, तो पट्टीवर आपटतो आणि ओघळतो. घोडबंदर रोडला बाइकवाला गर्दीतून सुळकन वळतो आणि कंटेनर तिथेच अडकतो, तसं. फिल्टरलेस म्हणजे फिल्टर नाहीच, पंखाच तेल फेकून कडेला काढतो आणि खालच्या वाटीत जमा करतो. 'फिल्टरलेस आहे, साफ करायला नको' हा गोड गैरसमज. तेल जातंच, फक्त ते पंख्यावर आणि पाइपमध्ये जाऊन बसतं. ऑटो क्लीन म्हणजे आतला हीटर पंख्यावरचं तेल वितळवून वाटीत आणतो. चांगली सोय आहे, पण पाइप त्याने साफ होत नाही. गॅस चालू असताना ऑटो क्लीन लावायचं नाही आणि वाटी भरली की ओतायची.

एक लक्षात घ्या, यातला कुठलाही धातूचा फिल्टर वायू अडवत नाही आणि अगदी बारीक कणही फारसे अडवत नाही. ते बाहेर टाकणं हाच इलाज, म्हणून पाइपवर एवढं पाल्हाळ लावलं.

धुवायचं कसं, तर आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद नाही. गरम पाण्यात भांडी धुवायचं लिक्विड आणि दोन चमचे खायचा सोडा, बादलीत फिल्टर अर्धा तास उभे ठेवा, मग जुन्या टूथब्रशने. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि वर सायीसारखा थर येतो, बघून किळस येते पण समाधानही वाटतं. फिल्टर ॲल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक सोडा अजिबात नको, धातू खाल्ला जातो. पत्र्याच्या कडा बोटं कापतात, हातमोजे घाला. पूर्ण वाळल्यावरच परत लावा. रोज फोडणी आणि आठवड्यातून दोनदा तळण असेल तर पंधरा दिवसांनी एकदा, कमी असेल तर महिन्याने. फिल्टरवर बोट फिरवा, बोट चिकटलं म्हणजे वेळ झाली.

'आवाज फार होतो म्हणून मी फोडणीपुरतीच लावते'

उलटं करा. गॅस पेटवायच्या दोन मिनिटं आधी मंद स्पीडवर लावा, म्हणजे हवेची दिशा ठरून जाते. फोडणी, तळण, मासे असतील तेव्हा वाढवा. गॅस बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं मंद चालू ठेवा, कारण हवेत तरंगणारं अजून तिथेच असतं. भात-डाळ शिजतेय तेव्हा मंद स्पीड पुरतो. फुल स्पीडवर कर्कश आवाज येत असेल तर बऱ्याचदा दोष पंख्याचा नसतो, बारीक पाइप, तुंबलेला फिल्टर किंवा बंद खिडकी, यातलं काहीतरी असतं.

आणि तळण मागच्या बर्नरवर घ्या. मागून निघालेला धूर भिंतीला धरून सरळ चिमणीत जातो, पुढच्या बर्नरचा अर्धा तुमच्या तोंडावर. आपण सवयीने चहा मागे आणि कढई पुढे ठेवतो, त्याची अदलाबदल करायला एक पैसा लागत नाही. फक्त पुढच्या बर्नरवरून हात नेताना जपून.

चिमणीची रुंदी शेगडीएवढी तरी हवीच, चार बर्नरच्या ९० सेंटीमीटरच्या शेगडीवर ६० ची चिमणी म्हणजे लहान छत्रीत दोघं. उंची शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर, म्हणजे २६ ते ३० इंच, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो तो पाळा. 'लुक'साठी तीन-साडेतीन फुटांवर नेली तर धूर वर जाताना टॉर्चच्या झोतासारखा पसरतो आणि कडेने निसटतो. फार खाली आणली तर ज्योत फिल्टरच्या जवळ जाते.

बिलाचं म्हणाल तर २०० वॉटची मोटर रोज दोन तास चालली तर महिन्याला १२ युनिट. एसीच्या मानाने काहीच नाही.

आग आणि गॅस, इथे चूक परवडत नाही

तेलकट फिल्टर म्हणजे शेगडीवर टांगलेला काकडा. म्हणून पातेलं उचललं की गॅस बारीक किंवा बंद, मोकळी ज्योत चिमणीखाली ठेवायची नाही. भरताचं वांगं भाजताना, पापड भाजताना समोरून हलायचं नाही. कढईतल्या तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद, कढईवर मोठं झाकण सरकवा, पाणी अजिबात नाही, पाण्याने जळतं तेल उडतं. आणि चिमणी बंद करा. धूर जावा म्हणून ती चालू ठेवायचा मोह होतो, पण पंखा ज्वाला वर पाइपात खेचतो. आग फिल्टरपर्यंत पोहोचली असेल तर घराबाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गॅस गळतीचा वास आला की आपला हात आपोआप चिमणीच्या बटणाकडे जातो, वास ओढून घेईल म्हणून. हे करायचं नाही. बटण दाबताना ठिणगी पडते, मोटरमध्येही पडू शकते. पाइपचा पीएनजी हवेपेक्षा हलका असतो, तो वर छताकडे, म्हणजे चिमणीच्याच आसपास जमतो. सिलिंडरचा एलपीजी जड, तो खाली लादीवर पसरतो. दोन्हीत नियम एकच: कुठलंही बटण चालू नाही, चालू असलेलं बंदही नाही. गॅसचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं हाताने उघडा, सगळे बाहेर या आणि बाहेरून फोन करा. सिलिंडरसाठी १९०६, पाइपच्या गॅससाठी बिलावर इमर्जन्सी नंबर छापलेला असतो, तो आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

'बाहेरचीच हवा घाण, खिडकी काय उघडू?'

डिसेंबर-जानेवारीत सकाळी नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरून बघितलं तर समोरच्या इमारती पुसट दिसतात, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर बघायलाच नको, हे मान्य. पण तळण चालू असताना आतली हवा बहुतेक वेळा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. स्वयंपाकापुरती खिडकी उघडा, चिमणी थांबली की लावून घ्या. खिडकीला धुळीची बारीक जाळी लावली तरी चालेल, फक्त ती पण धुवावी लागते.

भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नाही तेव्हा बिनपाइपची चिमणी घेतात, ती हवा कोळशाच्या फिल्टरमधून परत घरातच सोडते. तेल आणि थोडा वास अडतो, पण वाफ, उष्णता आणि ज्योतीतले वायू घरातच राहतात. तो कोळसा धुऊन चालत नाही, काही महिन्यांनी बदलायचा असतो, आणि ते कोणी करत नाही. असं असेल तर माझ्या मते त्यापेक्षा खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी चांगला एक्झॉस्ट फॅन बसवा, स्वस्तात जास्त काम होतं.

काकूंकडे शनिवारी कोअर कटिंगवाला येतोय, ६ इंची भोक बाहेरच्या भिंतीत, सेक्रेटरींची सही झालीये. फॉल्स सीलिंगमधले दोन कोपरे जातील, तिसऱ्याला इलाज नाही, तिथे बीम आहे. तोपर्यंत हॉलची खिडकी चार बोटं उघडी आणि बोंबील मागच्या बर्नरवर. चौथ्या मजल्यावरच्यांनी ग्रुपवर हात जोडल्याची इमोजी टाकलीये, ती आभाराची की वैतागाची यावर आता नवीन चर्चा सुरू आहे.